दुसरी भाकरी

राहाता, ता. कोपरगाव, जि. अहमदनगर
२ एप्रिल १९७२

चि. मनूस,

पत्रास कारण की, तू पत्र लिहू नकोस म्हणाली होतीस. मोंबासाच्या धक्क्यावर, मी बोटीची शिडी चढायच्या आधी, अगदी स्पष्ट म्हणालीस, "अकिनीला नात म्हणणार असशील तरच लिही. नाहीतर लिहू नकोस." मला ऐकायला कमी येत नाही. पण हे पत्र तू त्यातलं धरू नकोस. मी इथं आल्यापासून दारातली माणसं हटत नाहीत, सगळ्यांना परदेश ऐकायचा आहे, आणि मी त्यांना काय काय सांगितलं ते तुला ठाऊक असलेलं बरं. उद्या तू माहेरी आलीस आणि भलतंच बोलून बसलीस तर मी खोटी पडायची.

बोटीचा प्रवास ठीक झाला. बोट लागली, पण जाताना लागली होती तितकी नाही. मुंबईला गोरक्ष घ्यायला आला होता. "मनूताई कशी आहे?" म्हणाला. बरी आहे म्हटलं. भाऊ म्हणून त्याला एवढं पुरतं.

इथं सांगितलं आहे ते असं. तुझी तब्येत बरी नव्हती म्हणून तीन महिने मी किसुमूला तुझ्या घरी राहिले. जावई तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट आहेत, बंगला मोठा आहे, ऊस आपल्यापेक्षा उंच पण गोडीला कमी. तब्येतीला काय झालं होतं, तर हिवताप. तिसऱ्या खेपेलाही गर्भ टिकला नाही हे इथं सांगून कोणाचं भलं होणार आहे? तुझ्या दादांना, बाप म्हणून, तेवढं सांगितलं आहे. साळूआत्यांना नाही.

आत्यांनी तर मी पाय धुवायच्या आत विचारलं, "वैनी, लेकीच्यात जेवला न्हाई ना वो?" मी म्हटलं, नाही. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही ही रीत आहे, समुद्र ओलांडला म्हणून ती सुटते थोडीच? पीठ, डाळ, तिखट-मीठ सगळं बांधून नेलं होतं आणि तुझ्या मागच्या पडवीत स्टोव्ह लावून माझं मी करून खात होते, हे सांगितलं. आत्या खूश झाल्या. चार जणींना त्यांनीच सांगितलं. पाणी मात्र तुझ्या घरचं प्यायले, ते मी बोलले नाही.

तू तेव्हा एकदा म्हणाली होतीस, "आई, सकाळी तुझा स्टोव्ह फरफरायला लागला की मला वाटतं, कोणीतरी दारात उभं राहून ओरडतंय की या घरात मूल नाही." त्यावर मी म्हणाले होते की स्टोव्ह साफ करायला झाला आहे. खरंच झाला होता.

तुझ्या तव्यावरची भाकरी तीन महिने शेजारून पाहिली. करंगळी उचलून थापायची तुझी खोड काही गेली नाही. लहानपणी भाजलेलं बोट कधीच बरं झालं, पण भाकरी अजून एका अंगाला जाड. किती वेळा जिभेवर आलं होतं, पण ज्या घरी जेवायचं नाही तिथल्या भाकरीला नाव कसं ठेवायचं?

आता मोंबासाच्या त्या समुद्रकाठच्या हॉटेलाचं. बोट सुटायला एक दिवस हाताशी होता आणि कारखान्याचं गाळप चालू असल्यामुळे जावयांना येता आलं नाही, म्हणून आपण दोघीच तिथं राहिलो, असं सांगितलं आहे. तेवढं खरंच आहे. नारळीच्या झापांच्या छत्र्या, खाली लांब खुर्च्या आणि त्यांवर गोरी माणसं उताणी पडलेली, हे सांगितलं. उन्हात पडायला ती पैसे देतात हे आत्यांना काही केल्या पटत नाही. पांढरा पायघोळ झगा आणि लाल टोपी घातलेला माणूस शहाळी आणून देत होता, ते पटलं. तुझे दादा म्हणाले, "मंग दिसभर करायचं काय आसतं तिथं?" म्हटलं, काही नाही. "मंग तुमी दोगींनी काय केलं?" आम्हीही काही नाही.

तुला म्हणून सांगते, दुपारपर्यंत मला ते फार आवडलं. उठून चूल नाही, धारा नाहीत, कोणाची हाक नाही, असा दिवस लग्नानंतर तो पहिलाच. खुर्चीत पडायला आधी लाज वाटली, मग झोप लागली. जागी झाले तर तू साडी खोचून पाण्यात उभी होतीस आणि लाट आली की शाळेतल्या पोरीसारखी ओरडत होतीस. तीन महिन्यांत मी तुला हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही चपला काढून उतरले आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवून घेतलं. लुगडं भिजलं हे सगळ्यांना सांगितलं आहे. आपण दोघी वाळूत बसून उगाचच हसत होतो, ते माझ्याकडेच ठेवलं आहे.

परदेशी टपालाच्या या निळ्या कागदावर जागा उरली नाही. दुपारचं मी इथं कोणालाच सांगितलेलं नाही, तेव्हा तूही सांगू नकोस.

तुझी आई

&nbsp;

राहाता
१८ जून १९७२

चि. मनूस,

तुझं उत्तर नाही, म्हणजे माझं पत्र पोचलं.

मृग कोरडा चालला आहे. कॅनॉलचं आवर्तन कधी येईल कोणी सांगत नाही. पेरूची बाग वाचवायची म्हणून दादा आणि गोरक्ष विहिरीवर आळीपाळीनं बसतात. आत्या परवा म्हणाल्या, "वैनी, त्या समिंदरात येवढं पानी हाय, त्ये गोड न्हाई का करता येत?" मी म्हटलं, करता आलं असतं तर त्या लोकांनी उन्हात पडून राहण्याआधी ते केलं असतं.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या तोंडून एक निसटलं. बायका विचारत होत्या की हॉटेलात खाल्लंस काय, आणि मी म्हणून गेले, पिठलं-भाकरी. झालं. आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तिकडं बी पिठलं करत्यात?" म्हटलं, आचारी शिकला आहे. आता गावात सगळीकडे झालं आहे की आफ्रिकेत आपलं पिठलं मिळतं. तू आलीस की तुलाही हेच सांगावं लागेल, म्हणून कळवते.

तसं पाहिलं तर हॉटेल मला चालणारच होतं. हॉटेल म्हणजे काही लेकीचं घर नव्हे. माझ्या जेवणाचं मी देणार, तुझं तू, असं मी आधीच बोलून ठेवलं होतं. माझं पीठही संपत आलं होतं. तू म्हणालीस, "चल तर मग, एक दिवस तरी एका ताटावर बसू." मला वाटलं, पोरीला तेवढंच हवं आहे. म्हणून आले.

तू सकाळी लवकर उठून फिरायला म्हणून गेलीस आणि पुष्कळ वेळानं घामाघूम होऊन आलीस. समुद्रावर फिरून येणारं माणूस घामाघूम कसं होतं हे मी विचारायला हवं होतं. दुपारी लाल टोपीवाल्यानं ताट आणलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी म्हटलं, "अगं बया, हितं?" तू म्हणालीस, इथला आचारी गोव्याचा आहे, त्याला सगळं येतं. छत्रीखाली आपण जेवलो. मी दुसरी भाकरी मागून घेतली. तू स्वतः उठून आणलीस.

जेवणानंतर आपण खुर्च्यांवर पडलो होतो. वारा चांगला होता. मला वाटलं, आता निजून जावं. तेव्हा तू विचारलंस, "आई, पिठलं बरं झालं होतं का?"

"हाटेलाच्या मानानं बरं हुतं. मिरची कमी हुती."

"मी केलं होतं. घरनं पीठ आणलं होतं, तवासुद्धा. त्या आचाऱ्यानं सकाळी चूल दिली." मग उठून बसलीस आणि म्हणालीस, "तू माझ्या हातचं, माझ्या घरचं जेवलीस, आई. रीत मोडली. काही झालं का?"

मी काही बोलायच्या आधीच पुढचं सांगून टाकलंस. किसुमूच्या मिशनच्या अनाथाश्रमात तू दर आठवड्याला शिवण शिकवायला जात होतीस, ते मला माहीत होतं. तिथं आठ महिन्यांची पोर आहे, तिची आई बाळंतपणात गेली, तिकडचे लोक तिला अकिनी म्हणतात, अकिनी म्हणजे सकाळी जन्मलेली, हे नव्हतं माहीत. कागद होत आले आहेत, जावयांचा होकार आहे, दिवाळीच्या आत ती घरी येईल. "तुला नात होणार आहे," म्हणालीस.

मी उठले. "आईला फसवून जेवू घातलंस," म्हणाले. त्यापुढे आणखी एक वाक्य म्हणाले, ते इथं लिहीत नाही. तुला पाठ असेलच. संध्याकाळभर मी खोलीत बसून राहिले आणि तू बाहेर वाळूत. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर तू पाया पडलीस, तेव्हा मी पिशव्या मोजत होते. दोनच होत्या.

मी चुकले असं मी म्हणत नाही. फसवलंस ते फसवलंसच.

दादांच्या गुडघ्याला तेल लावते आहे. बाकी सर्व ठीक.

तुझी आई

&nbsp;

राहाता
२४ सप्टेंबर १९७२

चि. मनूस,

जावयांचं पत्र मिळालं. तू लिहिणार नाहीस म्हणून त्यांनी लिहिलं, असं त्यांनीच लिहिलं आहे. माणूस सरळ आहे. पोर घरी आली, तुझी तब्येत सुधारली, तू पुन्हा जेवायला लागलीस, असं कळलं. सोबत फोटो होता.

फोटो मी उंबऱ्यात बसून पाहिला. केस फार कुरळे आहेत, विंचरायला त्रास होणार. खोबरेल लाव. कान चांगले आहेत. भोकं पाडायला जागा आहे. तुझ्या कडेवर ती पुढं वाकून फोटोवाल्याकडे रागानं बघते आहे, त्यावरून पोर मंद वाटत नाही.

इतक्यात आत्या आल्या. लपवायला गेले तर चष्मा खाली पडला. त्यांनी फोटो हातात घेतला, उजेडात धरला, आणि म्हणाल्या, "ही कोन?" मी सांगितलं. हिवताप नव्हता हेही सांगितलं, कारण एक सांगितलं की दुसरं आपोआप बाहेर येतं. त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "कुनाची कोन पोर, आन् तिला आपुन नात म्हनायचं?"

मनू, ते माझं वाक्य होतं. मी खुर्चीवरून उठून समुद्रासमोर तुला म्हणाले होते तेच, तसंच. मला वाटलं होतं की मी त्या दिवशी काहीतरी रास्त बोलले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर ते फार ओंगळ वाटलं. मी म्हटलं, "वन्सं, च्या टाकते." आणि आत गेले.

आत बराच वेळ मला चहापत्ती सापडत नव्हती. डबा समोरच होता.

मी घरून बांधून नेलेल्या त्या पिठाबद्दल तुला एक सांगायचं आहे. तू स्टोव्हचं जे बोललीस, मूल नाही म्हणून ओरडल्यासारखं वाटतं ते, तसं माझ्या मनात कधी नव्हतं. मी तुझ्याकडे जेवत नव्हते, कारण मला पुढे कधीतरी जेवायचं होतं. घास राखून ठेवल्यासारखं. तुझ्याकडे तीन वेळा आनंदाची बातमी झाली, तीन वेळा गेली, तरी मी राखूनच ठेवला होता. तू सगळं करून सवरून मोकळी झालीस आणि म्हणालीस, आता जेव. मला त्याचा राग आला. तू आशा सोडलीस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

दादांनी फोटो रात्री पाहिला. कंदील जवळ ओढून पाहिला.

"नाव काय?"

"अकिनी."

"म्हंजी?"

"सकाळी जल्मलेली."

"मंग बरं हाय. म्हनायला बी सोपं हाय." एवढंच बोलले आणि फोटो देवघरात, अंबाबाईच्या टाकामागं उभा करून ठेवला. मी काढला नाही. तिथं धुरानं खराब होईल असं मात्र मला वाटतं.

मी अजून काही म्हणत नाही. जावयांना नमस्कार.

तुझी आई

&nbsp;

राहाता
१४ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. मनकर्णा हिला आशीर्वाद दोन. एक आजचा आणि एक धक्क्यावर राहिलेला.

दिवाळी साधीच केली. बाग निम्मी वाळली. पूर्वेकडची माणसं दुष्काळी कामाच्या शोधात इकडे येत आहेत, रस्त्याच्या कडेला चुली दिसतात. तिकडे तुमच्यात पाऊस चांगला झाल्याचं जावयांनी लिहिलं, ते वाचून बरं वाटलं.

या पत्राबरोबर गाठोडं येत आहे. गोरक्ष मुंबईला जाऊन बोटीनं निघालेल्या माणसाच्या हाती देणार आहे. गाठोडं उघडताना दाराशी उघडू नकोस, आत पाटावर ठेवून उघड. त्यात बाळंतविडा आहे. झबली, टोपरी मी शिवली, पण वय धरून मोठी शिवली आहेत. दुपटं माझ्या त्याच लुगड्याचं आहे, समुद्रात भिजलेल्या. तीन वेळा धुतलं तरी काठाला वाळू निघाली, ती तशीच राहिली असेल थोडी. डिंकाचे लाडू तुझ्यासाठी आहेत. तू म्हणशील, मी कुठं बाळंत झाले? पोर सांभाळणारीच्या कंबरेला तेवढंच लागतं, खा.

मनगट्या आत्यांनी ओवल्या. हो, आत्यांनी. मी झबलं शिवत बसले होते तेव्हा त्या म्हणाल्या, "वैनी, लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "वन्सं, रीत काय सांगती? लेकीच्या घरी नातवंड आलं की जेवावं. आलं ना? कुठल्या दारानं आलं त्ये रीतीत कुठं लिवलंय?" त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मण्यांची डबी घेऊन बसल्या. काळ्या मण्यांत त्यांनी पांढरे जास्त घातले आहेत. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "पोरीच्या हातावर उठून दिसाया नगं का?"

दादांनी माळ्यावरून पाळणा काढला, तुझा आणि गोरक्षचा. चार दिवस दोऱ्या आवळत बसले. आता मला रोज विचारतात, पाळणा बोटीवर चढतो का. पोर दीड वर्षाची होत आली, पाळण्यात मावणार नाही, हे त्यांना कोण सांगणार? तू आलीस की बघू. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ते तू परस्पर उरकलंस. निदान बारसं तरी इथं करू. नाव बदलू नकोस. दादांना ते पाठ झालं आहे, आता दुसरं झेपणार नाही.

एप्रिलमध्ये तुला लिहिलं होतं की मी इथं काय काय सांगितलं ते तुझं माझं जुळायला हवं. आता तसं काही राहिलं नाही. हिवताप नव्हता, आचारी शिकला नव्हता, सगळं सांगून टाकलं. बायकांना आफ्रिकेत पिठलं मिळत नाही याचंच जास्त वाईट वाटलं.

एक गोष्ट तेवढी कोणाला सांगितली नाही. तुलाही नाही. त्या दिवशी छत्रीखाली ताट पुढं आलं, मी भाकरी मोडली, आणि ती एका अंगाला जाड होती. पहिल्या घासालाच मला कळलं होतं की तू पहाटे कुठं गेली होतीस. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी मान खाली घातली, आणि दुसरी भाकरी मागितली.

माघात मला तिकडे यायला बोट आहे म्हणतात. जावयांना विचारून कळव. या खेपेला पीठ आणणार नाही.

तुझी आई